वडील काय करतात?

मुलाखतीत मी एक प्रश्न हमखास विचारायचो. उमेदवार खुर्चीच्या कडेला टेकला, रुमालाने मान पुसून झाली, की त्याच्या अर्जावर नजर ठेवून मी सहज म्हणायचो, "घरी कोण कोण असतं? वडील काय करतात?" पोरगं बावरलेलं असतं, घरचा विषय काढला की जरा मोकळं होतं, अशी माझी समजूत. ठाण्याच्या एका इंजिनिअरिंग कारखान्यात मी आधी कल्याण अधिकारी होतो, मग पर्सोनेल ऑफिसर झालो, शेवटी एचआर मॅनेजर. दारावरची पाटी बदलत गेली, केबिनला एसी आला, प्रश्न तोच राहिला.

त्या उत्तराचं मी काय करायचो ते आमच्या गुणपत्रकात दिसायचं. एकूण ५० गुण. त्यातले ३० कामाच्या ज्ञानाला, ते फोरमन देणार. उरलेले २० 'व्यक्तिमत्त्व' या रकान्याला, ते माझ्या हातात. वडील बँकेत आहेत, शाळेत शिकवतात, रेल्वेत आहेत असं कानावर आलं की माझं पेन सहसा १५ च्या खाली उतरत नसे. याला मी 'घरचं वळण' म्हणायचो, आणि वळण ओळखण्यात आपला हात कोणी धरणार नाही असा माझा समज होता.

मुंबईतल्या गिरण्यांचा मोठा संप होऊन तीन-चार वर्षं झाली असतील. आमच्याकडे टर्नरच्या जागा भरायच्या होत्या. आयटीआय झालेला एक मुलगा कळव्याहून आला होता. ट्रेड टेस्टला एक पायऱ्यांचा शाफ्ट करायचा असे: तीन वेगवेगळे व्यास, एका टोकाला आटे. फोरमनने त्याच्या शाफ्टला मायक्रोमीटर लावला, फिरवून पुन्हा लावला, आणि ३० पैकी २८ दिले. हा फोरमन स्वतःच्या मेव्हण्यालाही २२ च्या वर गुण देणारा नव्हता.

मग तो माझ्यासमोर आला.

"वडील काय करतात?"

"नाक्यावर उभे राहतात."

"म्हणजे?"

म्हणजे काय ते मला चांगलं ठाऊक होतं. ठाण्यात राहून कोणाला ठाऊक नसतं? तरी मी विचारलं. तो म्हणाला, "काम मिळालं तर जातात, साहेब." त्यापुढे तो आखडला तो आखडलाच. फावल्या वेळात काय करतोस, या माझ्या दुसऱ्या लाडक्या प्रश्नावर त्याने उत्तर दिलं, "फावला वेळ नसतो." हे उत्तर मला उद्धट वाटलं. मी २० पैकी ६ दिले आणि शेऱ्यात लिहिलं: आत्मविश्वास कमी, जुळवून घेईल का याबद्दल शंका. त्याची बेरीज ३४ झाली. ज्याला घेतला त्याला फोरमनने १९ दिले होते, मी १७, बेरीज ३६. त्याचे वडील वीज मंडळात हेडक्लार्क होते आणि त्याला ट्रेकिंगची आवड होती.

हेडक्लार्कचा मुलगा वर्षाच्या आत डिप्लोमा करायला निघून गेला. राजीनाम्यावर सही घ्यायला आलेला फोरमन म्हणाला, "साहेब, लेथवर वडिलांना उभं करायचं होतं का?" मी स्थैर्य, पार्श्वभूमी असं काहीबाही बोललो. कळव्याच्या मुलाने केलेला शाफ्ट फोरमनने फेकून दिला नव्हता, त्याच्या टेबलावर तो ड्रॉइंगवर दाब म्हणून पडलेला असे. त्या मुलाला परत बोलवावं असं मला तेव्हा सुचलं नाही, आणि सुचलं तेव्हा पत्ता उरला नव्हता. नाकारलेले अर्ज आम्ही सहा महिन्यांनी रद्दीत घालत असू.

निवृत्त झाल्यावर वाचायला वेळ मिळाला आणि सुरिंदर जोधका व कॅथरीन न्यूमन यांचा २००७ सालचा एक अभ्यास हाती लागला. त्यांनी दिल्लीतल्या एचआर मॅनेजरांशी बोलून माणसं निवडताना ते काय बघतात हे विचारलं होतं. जवळपास सगळ्यांनी छातीठोकपणे सांगितलं की आम्ही फक्त गुणवत्ता बघतो. आणि त्याच दमात हेही सांगितलं की आम्ही घरची पार्श्वभूमी आवर्जून विचारतो. या दोन वाक्यांत काही विसंगती आहे हे त्यांतल्या कोणाच्या गावीही नव्हतं. वाचताना मला हसू आलं, कारण ती मंडळी अगदी माझ्याच थाटात बोलत होती. त्याच वर्षी सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल यांनी खासगी कंपन्यांच्या जाहिरातींना सारख्याच शिक्षणाचे अर्ज वेगवेगळ्या आडनावांनी पाठवून पाहिले होते. दलित आडनावाला बोलावणी कमी आली, मुस्लिम नावाला त्याहूनही कमी. आमच्याकडे तसा प्रयोग कोणी केला असता तर निकाल वेगळा लागला असता, असं मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही.

आता माझे वडील काय करत, ते सांगतो.

ते साचेवाले होते, म्हणजे गिरणीत मागावर कापड विणणारे. पाटण तालुक्यातून आले, लालबागला गावकीच्या खोलीत पाळीपाळीने झोपले, आणि पन्नाशीच्या दशकाच्या सुरुवातीला गिरणीत चिकटले. गिरणीत साचा खात्याचा पगार कताई खात्यापेक्षा बरा. हे खातं दलितांना मात्र बंद होतं. धोट्यातली कांडी संपली की नव्या कांडीचा धागा धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून घ्यावा लागे, आणि दलिताच्या तोंडचा धोटा आपल्या तोंडाला नको, हे बाकीच्यांचं म्हणणं. १९२८ च्या संपात बाबासाहेब आंबेडकरांनी हा मुद्दा युनियनपुढे ठेवला होता. वडील लागले तोवर राज्यघटना आलेली होती, तरी त्यांच्या ओळीत एकही दलित साचेवाला नव्हता. हे त्यांनीच मला सांगितलं, आज उकडतंय असं सांगावं तितक्या सहज.

त्या जास्तीच्या पगारावर मी शाळेत टिकलो. बरोबरीची पोरं सातवीनंतर बदली कामगारांच्या रांगेत उभी राहिली. मी मॅट्रिक झालो, ईबीसीची फी-माफी घेऊन बीए झालो, मग परळच्या लेबर इन्स्टिट्यूटमध्ये कामगार कल्याणाचा कोर्स केला. तिथे चाळीतून चालत जाता यायचं, बसभाडं लागत नव्हतं, नाहीतर त्या कोर्सचा विचारही झाला नसता. आणि कोर्सला नोकरी होती ती १९४८ च्या फॅक्टरी ॲक्टच्या कलम ४९ मुळे: ५०० किंवा त्याहून जास्त कामगार असले तर कल्याण अधिकारी नेमावाच लागे. मालकांना आमची गरज नव्हती, कायद्याला होती. अशा रीतीने माझ्यासारखी गिरणगावातली काही पोरं कोट घालायला लागली.

नव्या भरतीच्या मुलांपुढे पहिल्या दिवशी बोलताना मी हे काही सांगत नसे. मी सांगायचो, "माझी इथे कोणाची ओळख नव्हती. पेपरात जाहिरात आली, अर्ज केला." हे मी इतकी वर्षं सांगितलं की मलाही ते खरं वाटू लागलं होतं. जाहिरात आली होती हे खरं, पण ती यायच्या आधीच माझा अर्ज साहेबांच्या टेबलावर होता. आमच्या गावकीच्या खोलीत एक चुलते लागायचे, त्यांचा साडू या कंपनीत मोठ्या साहेबांची गाडी चालवायचा. त्याला मी उभ्या आयुष्यात एक-दोन लग्नांत पाहिलं असेल. जागा निघतेय हे त्याने मागच्या सीटवरच्या बोलण्यातून ऐकलं आणि चुलत्यांकरवी निरोप धाडला. मुलाखतीच्या आदल्या दिवशी तो मुद्दाम भेटला. साहेबांना तंबाखूचा वास चालत नाही. युनियन हा शब्द आपणहून काढायचा नाही. "आणि वडील काय करतात विचारलं तर साचेवाले म्हणू नकोस. टेक्स्टाइलमध्ये आहेत म्हण."

साहेबांनी विचारलं. मी म्हणालो, "टेक्स्टाइलमध्ये आहेत." साहेबांनी मान डोलावली.

मार्क ग्रॅनोव्हेटर नावाच्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९७३ साली दाखवून दिलं होतं की माणसाला नोकरीची खबर जिवलगांपेक्षा लांबच्या ओळखीतून जास्त मिळते. त्याने मॅसॅच्युसेट्समधल्या एका उपनगरातल्या नोकरदारांना विचारलं होतं. ओळखीतून नोकरी लागलेल्यांपैकी नेहमी भेटणाऱ्या माणसाकडून खबर मिळालेले १७ टक्केसुद्धा नव्हते, बाकीच्यांना ती अधूनमधून किंवा क्वचित भेटणाऱ्याने दिली होती. कारण साधं आहे. जवळच्यांना तेच ठाऊक असतं जे आपल्याला ठाऊक असतं. लांबचा माणूस दुसऱ्याच जगात वावरतो. माझा लांबचा माणूस मोठ्या साहेबांच्या गाडीत पुढे बसायचा. कळव्याच्या मुलाच्या वडिलांच्या ओळखी नाक्यावरच्या होत्या, आणि तिथल्या सगळ्यांना एकच बातमी असते: आज काम आहे की नाही.

कळव्याच्या मुलाच्या प्रकरणानंतर मी भरतीत सुधारणा केली. माझ्या चुकांमध्ये सगळ्यात जास्त कौतुक हिचं झालं.

आमच्याकडे जागा निघाली की युनियनचं म्हणणं असे, आधी कामगारांच्या मुलांना घ्या. शिवाय चिठ्ठ्या यायच्या. नगरसेवकाची, पतपेढीच्या चेअरमनची, कँटीनच्या कंत्राटदाराचीसुद्धा. मला याची शिसारी होती. मी व्यवस्थापनाकडून लेखी परीक्षा मंजूर करून घेतली. चिठ्ठी बंद, वशिला बंद, जो पहिला येईल तो आत. एका सल्लागाराकडून तयार प्रश्नपत्रिका विकत आणली. ती इंग्रजीत होती. आमच्या वर्कशॉपमध्ये इंग्रजी फक्त मशिनच्या नेमप्लेटवर असे, पण गुणवत्ता मोजायची तर ती इंग्रजीतच, हे मला इतकं उघड वाटलं की दुसरा विचार मनाला शिवला नाही. त्यात शब्दांच्या जोड्या जुळवायच्या होत्या, एक उतारा होता थंड हवेच्या ठिकाणच्या सुट्टीवर, आणि वेळ इतका कमी की थांबून अर्थ लावणारा मागे पडलाच पाहिजे.

पहिल्या यादीत आमच्या कामगारांचा एकही मुलगा नव्हता. युनियनचा सेक्रेटरी केबिनमध्ये आला. मी त्याला गुण दाखवले, म्हटलं बघा, कुठे पक्षपात आहे? तो बराच वेळ प्रश्नपत्रिका चाळत बसला. मग म्हणाला, "पक्षपात नाही साहेब. पेपरच त्यांच्या घरचा आहे." मी हे वाक्य त्या संध्याकाळी डायरेक्टरांना विनोद म्हणून सांगितलं आणि ते हसले.

चिठ्ठीपद्धत चांगली होती असं मी म्हणत नाही. तिच्यातून बिनकामाची माणसंही आत आली, आणि ज्यांच्या जातीचं कोणी आत नव्हतं त्यांना ती चिठ्ठी मिळतच नव्हती. पण ज्याच्याकडे दुसरं काही नाही अशा कामगाराकडे पोरासाठी तेवढी एक वाट होती. ती मी बुजवली आणि दुसरी जी काढली ती माझ्या नव्या शेजाऱ्यांच्या दारातून जात होती. तोवर मी नौपाड्यात, पांढरपेशा वस्तीत, फ्लॅट घेतला होता.

मग आलं व्हीआरएस, म्हणजे स्वेच्छानिवृत्ती. १९९१ नंतर ठाणे-बेलापूर पट्ट्यात हे तीन अक्षरी प्रकरण घरोघरी पोचलं. आमच्या व्यवस्थापनाला माणसं कमी करायची होती आणि ती समजावून कमी करायचं काम माझं. कँटीनमध्ये फळा लावला. मी खडू घेऊन हिशेब मांडला: कंपनी देणार तीन लाख. बँकेत ठेवले तर १२ टक्के व्याज, म्हणजे वर्षाला ३६ हजार, महिन्याला ३ हजार. घरबसल्या. मुद्दल शाबूत. वर हातपाय चालतायत तोवर रिक्षा म्हणा, किराणा म्हणा. खडू खाली ठेवला तेव्हा दोघातिघांनी टाळ्या वाजवल्या.

हिशेबात चूक नव्हती, पण १२ टक्के हा आकडा मी कायमचा धरला होता. मी वाणिज्य शाखेचा नाही हे कारण पुढे करता आलं असतं, पण बँकेतल्या मित्राला एक फोन करायला शाखा लागत नाही. २००३-०४ पर्यंत मुदत ठेवीचा दर सहाच्याही खाली उतरला होता. साडेपाच टक्क्यांनी तीन लाखांचे महिन्याला १,३७५ रुपये होतात. तेही मुद्दल शाबूत असेल तर, आणि ते जवळपास कोणाचंच नव्हतं. कोणी मुलीचं लग्न केलं, कोणी गावचं घर बांधलं, आणि बऱ्याच जणांनी मुलाला इंजिनिअर करायला घेतलं. वसंतदादांच्या सरकारने १९८३ साली विनाअनुदानित कॉलेजांना परवानगी दिल्यापासून पैसे भरले की इंजिनिअर होता येतं हे सगळ्यांना समजलं होतं. इंजिनिअर झाल्यावर नोकरीची खबर कोण देणार, हे शुल्काच्या पावतीवर लिहिलेलं नसतं.

व्याजाची चूक निदान सांगता येते. दुसरी मला फळ्यावर मांडताच आली नसती, कारण तिचा आकडा नव्हता. कायम नोकरीबरोबर काय काय जातं याचा मी विचारच केला नव्हता. पतपेढीतून जामिनावर मिळणारं कर्ज गेलं. कामगार विम्याचा दवाखाना गेला. 'मुलीचे वडील कंपनीत आहेत' हे स्थळ बघणाऱ्यांना सांगायचं वाक्य गेलं. शेजारच्या मशिनवरच्या माणसाचा भाऊ कुठेतरी स्टोअरकीपर आहे आणि तिथे हेल्पर घेतायत, ही जेवणाच्या सुट्टीतली बातमी गेली. आमच्याकडच्या एका ग्राइंडरने तीन लाख घेतले आणि दिव्याला घराजवळ पिठाची गिरणी टाकली. काम तसं दळायचंच, असं तोच म्हणायचा. दोन वर्षांत लाइटच्या बिलाने आणि उधारीने गिरणी बसली. त्याने मला एकदा सांगितलं, "साहेब, पैशाचं काही नाही, पण मला आता कोणी काही सांगत नाही." तेव्हा मला हे उगाचचं हळवेपण वाटलं होतं.

याच ग्राइंडरचा मुलगा डिप्लोमा झाला तेव्हा तो माझ्याकडे चिठ्ठी मागायला आला. मी त्याला चहा पाजला आणि आता सगळं परीक्षेवर आहे, चिठ्ठी चालत नाही, हे नीट समजावून सांगितलं. त्याला ते पटलं. निदान त्याने तसं दाखवलं.

पुढच्याच वर्षी, २००१ मध्ये, माझा मुलगा खासगी कॉलेजातून इंजिनिअर झाला. बाजारात मंदी होती, कॅम्पसला कोणी फिरकलं नव्हतं. मी एक फोन केला. पर्सोनेलवाल्यांच्या बैठकीत वर्षातून दोनदा भेटणारे एक गृहस्थ होते, म्हणजे ग्रॅनोव्हेटरच्या हिशेबात अगदी बसणारे. ते म्हणाले, पाठवून द्या. फोन ठेवताना मला ग्राइंडरची आठवण झाली असं इथे लिहिलं तर बरं दिसेल. झाली नव्हती. मी बायकोला पेढे आणायला सांगितलं.

बारा-तेरा वर्षांनी ग्राइंडर ठाणे स्टेशनाबाहेर भेटला. ख्यालीखुशाली झाली. माझा मुलगा पुण्यात मोठ्या कंपनीत आहे म्हटल्यावर त्याने विचारलं, "कसा लागला?" मी म्हणालो, "कॅम्पसमधून." तोंडातून निघून गेलं. तो म्हणाला, "हुशारच होता." त्याचा मुलगा तेव्हा एका कुरिअर कंपनीत पार्सलं पोचवत होता, डिप्लोमा घरी ट्रंकेत. मी त्याच्याकडून मुलाचा नंबर घेतला आणि रात्री माझ्या मुलाला फोन लावला.

तो म्हणाला, "बाबा, आता सगळं पोर्टलवर असतं. रेझ्युमे अपलोड करायला सांगा." मी म्हटलं, ते असू दे, कोणाला तरी फोन कर. तो म्हणाला, असं करणं बरोबर नाही, आणि त्याच्या आवाजात खरीखुरी नाराजी होती. तू कसा लागलास ते तुला माहीत आहे का, असं मी विचारलं. त्याला माहीत नव्हतं. मी कधी सांगितलंच नव्हतं. तो समजून चालला होता की मुलाखत चांगली झाली.

मग मी सांगितलं, आणि आमचं दोघांचं त्यावरून बरंच वाजलं. ग्राइंडरच्या मुलासाठी त्याने फोन केला तो आठवड्याने, माझ्यावर उपकार केल्यासारखा. तो मुलगा आता भिवंडीच्या एका गोदामात सुपरवायझर आहे. कंत्राटी आहे. करार दर अकरा महिन्यांनी नवा होतो.